गल्लीची कोंबडी, गल्लीची लस

निपाणी शहर कर्नाटकात आहे आणि त्याला लागून असलेलं अर्जुननगर महाराष्ट्रात, कागल तालुक्यात. निपाणीची मुलं अर्जुननगरच्या देवचंद महाविद्यालयात शिकायला जातात, म्हणजे रोज राज्य ओलांडतात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची फेररचना झाली, तेव्हापासून बेळगाव, खानापूर, निपाणी या भागाचा प्रश्न भिजत पडला आहे. १९६६ साली महाजन आयोग नेमला गेला, १९६७ साली त्याचा अहवाल आला, २००४ साली महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. या प्रश्नावर दिवाळी अंकांनी भरभरून लिहिलं आहे. सीमाभागातल्या बाईच्या हातखर्चाविषयी मात्र क्वचितच लिहिलं जातं, आणि तो हातखर्च कित्येक घरांत आजही परसातल्या चार-सहा कोंबड्यांवर चालतो.

हा लेख त्या कोंबड्यांविषयी आहे. त्या कशा वाढतात, काय खातात, कशानं मरतात आणि त्यांना जगवायचं तर काय करायला हवं, याविषयी. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. घरच्या कोंबडीची जात सुधारण्यावर, तिच्या खाद्यावर, तिच्या पिंजऱ्यावर पुष्कळ बोललं जातं. पण परस रिकामं होतं ते मानमोडीनं. त्या रोगावरची लस स्वस्त आहे, जुनी आहे, खात्रीची आहे. ती दहा कोंबड्यांच्या घरापर्यंत पोचत नाही, कारण दहा कोंबड्यांच्या घराचा विचार करून ती बाटलीत भरलेलीच नसते. ही अडचण एकट्या घराला सुटणारी नाही. गल्लीनं मिळून ठरवलं तर ती एका संध्याकाळी सुटते.

जवारी

बेळगाव, निपाणी, संकेश्वर, गडहिंग्लज या पट्ट्यात घरच्या कोंबडीला जवारी म्हणतात. कानडी बोलणाराही जवारी म्हणतो आणि मराठी बोलणाराही. तिला एक रंग नाही. लालसर, काळी, करडी, ठिपक्यांची, बोडक्या मानेची, डोक्यावर तुरा असलेली, सगळ्या एकाच डालग्याखाली झाकलेल्या दिसतात.

कोंबडी माणसाळली ती रानकोंबड्यापासून. २०२० साली ८६३ पक्ष्यांचे जनुकसंच तपासून शास्त्रज्ञांनी सांगितलं, की तिचं मूळ आग्नेय आशियातल्या लाल रानकोंबड्याच्या एका पोटजातीत आहे. नैऋत्य चीन, उत्तर थायलंड, म्यानमार हा तिचा मूळ मुलूख. पण तिच्यात आपल्या सह्याद्रीचाही वाटा आहे. खानापूर तालुक्यातल्या भीमगड अभयारण्याच्या जंगलात राखी रानकोंबडा राहतो. हा पक्षी फक्त भारतातला. जगभरच्या कोंबड्यांचे पाय आणि कातडी पिवळी करणारा जनुक या राखी रानकोंबड्याकडून आला असावा, असं २००८ साली स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांच्या नेतृत्वाखाली झालेल्या संशोधनात दिसलं. खानापूरच्या बाजूला परसात चरणाऱ्या पिवळ्या पायांच्या कोंबडीचं रानातल्या पक्ष्याशी असं नातं आहे.

जवारी कोंबडी वर्षाला साधारण पन्नास ते सत्तर अंडी देते. मोठ्या फार्मवरची पांढरी लेगहॉर्न जातीची कोंबडी वर्षाला तीनशेच्या वर देते. हे दोन आकडे शेजारी ठेवून जवारीला कमी लेखलं जातं. पण तिच्या वर्षाचा हिशेब मांडून पाहावा. ती बारा-पंधरा अंडी घालते आणि खुडूक होते. मग एकवीस दिवस अंड्यांवर बसते. पिलं निघाली की दोन-अडीच महिने त्यांना घेऊन हिंडते, उकिरडा उकरून किडे दाखवते, घार दिसली की आवाज देऊन पंखाखाली घेते. त्यानंतर पुन्हा अंड्यावर येते. फार्मवर जे काम अंडी उबवण्याचं यंत्र, पिलांना ऊब देणारे दिवे आणि राखणदार मिळून करतात, ते ही एकटी करते. त्या कामाचे महिने अंड्यांतून वजा होतात. तिचं खरं उत्पन्न अंड्यांत मोजायचं नसतं. तिनं वाढवून हाती दिलेल्या पिलांत मोजायचं असतं.

अंड्याचे पैसे

निपाणी म्हटलं की तंबाखू आठवतो. १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली इथल्या तंबाखू उत्पादकांनी भावासाठी महामार्ग अडवला, ते आंदोलन साऱ्या देशानं पाहिलं. तंबाखूच्या वखारींत आणि विड्या वळण्याच्या कामात इथल्या बायकांच्या पिढ्या गेल्या. विडीची मजुरी दर हजार विड्यांमागं मिळते. सूप मांडीवर घेऊन उंबऱ्याशी विड्या वळत बसलेल्या बाईला घर सोडता येत नाही, पण अंगणातल्या कोंबड्यांवर नजर ठेवता येते. या दोन कामांची सांगड इथं अशीच पडली.

घरात म्हैस असली तर दुधाचं बिल संस्थेच्या खात्यावर येतं आणि ते खातं बहुधा पुरुषाच्या नावावर असतं. ऊस कारखान्याला जातो, त्याचंही तसंच. अंड्याचे आणि कोंबड्याचे पैसे मात्र बाईच्या हातात पडतात. त्यातून मुलाची वही, लेकीच्या बाळंतपणातला वरखर्च, बचत गटाचा हप्ता, आठवडी बाजारातली भाजी निघते. परसात जागा नसली तर दुसऱ्याकडे तलंग, म्हणजे तरुण कोंबडी, अर्धलीनं द्यायची आणि पिलं वाटून घ्यायची, ही रीतही जुनी. भूमिहीन घरातली बाईसुद्धा अशी चार कोंबड्यांची धनीण होऊ शकते.

या धंद्याला पंचांग आहे. आषाढात मरगूबाई, म्हसोबा यांच्या नावानं कोंबड्याचा नैवेद्य होतो, तेव्हा जवारी कोंबड्याला मागाल तो भाव मिळतो. श्रावणात मागणी बसते. दसऱ्याच्या आधी खंडेनवमीला ती पुन्हा उठते. चैत्र-वैशाखात गावोगावच्या यात्रा लागल्या की पाव्हण्यारावळ्यांसाठी जवारीच लागते. पिलाला विकण्याजोगा कोंबडा व्हायला पाच-सहा महिने जातात. म्हणून जाणत्या बाया कार्तिक ते माघ या महिन्यांत कोंबडी बसवतात. खानापूर-बेळगावच्या पावसात ओल्यानं पिलं गारठून मरतात. थंडीच्या कोरड्या दिवसांत ती जगतात आणि पुढच्या आषाढापर्यंत बाजाराला तयार होतात.

हा धंदा आटत चालला आहे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. आकडे वेगळं सांगतात. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशात ८५ कोटी १८ लाख कोंबड्या-बदकं मोजली गेली. त्यांतली ३१ कोटी ७० लाख परसातली होती, आणि आधीच्या गणनेपेक्षा ही संख्या जवळपास ४६ टक्क्यांनी वाढली होती. त्याच काळात फार्मवरच्या पक्ष्यांची वाढ साडेचार टक्के होती. भारतातला मोठा कुक्कुट व्यवसाय १९७० नंतर उभा राहिला. डॉ. बी. व्ही. राव यांच्या व्यंकटेश्वरा हॅचरीजनं आणि १९८२ साली स्थापन झालेल्या अंडी समन्वय समितीनं तो गावोगाव नेला. त्या लाटेतही परस टिकलं आणि अलीकडे फोफावलं, ही दखल घेण्याजोगी गोष्ट आहे.

कोंबडी बसवताना

जवारी कोंबडी खुडूक झाल्याचं ओळखायला शिकावं लागत नाही. ती अंड्याची जागा सोडत नाही, पिसं फुलवते, हात लावला की टोचते आणि घशातून वेगळाच आवाज काढते. तिला अंधाऱ्या, कोरड्या कोपऱ्यात, पाटीत भाताचं तूस किंवा वाळका पाला घालून बसवतात. तिच्या अंगाखाली मावतील तेवढीच, दहा-बारा अंडी ठेवावीत. कडेची अंडी गार पडली तर आतलं पिलू मरतं आणि कोंबडी अंडी फिरवत असते म्हणून एकामागून एक सगळीच बिघडतात.

रवणीसाठी, म्हणजे उबवायला, अंडी सात दिवसांच्या आतली असावीत. ती गार जागी, टोकदार बाजू खाली करून ठेवावीत. खूप लहान, खूप मोठी, वाकड्या कवचाची घेऊ नयेत. दहा कोंबड्यांमागं एक कोंबडा असला की अंडी फळतात. कोंबडी बसल्यावर सातव्या दिवशी रात्री अंधारात बॅटरीच्या उजेडासमोर अंडं धरावं. आत लाल शिरांचं जाळं दिसलं तर ते चाललं आहे. नुसतं पिवळसर, स्वच्छ दिसलं तर ते फळलेलं नाही. ते काढून टाकावं, म्हणजे आई उरलेल्यांना नीट झाकते. दिवसातून एकदा तिला उठवून दाणापाणी द्यावं. न उठता बसून राहिलेली कोंबडी एकवीस दिवसांत निम्मी होते.

पिलांचे पहिले चार आठवडे सगळ्यांत नाजूक. आई असली तर ऊब तिच्या पंखाखाली मिळते. विकत आणलेल्या, आई नसलेल्या पिलांना पहिल्या आठवड्यात सुमारे ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते आणि पुढं दर आठवड्याला ती तीनेक अंशांनी कमी करायची. थर्मामीटर नसला तरी पिलं सांगतात. दिव्याखाली गोळा होऊन चिवचिव करत असली तर थंडी वाजते आहे. दिव्यापासून लांब, चोच उघडी टाकून बसली तर उष्मा होतो आहे. खोक्यात सगळीकडे पसरून दाणे टिपत असली की बरोबर आहे.

खुराडं आणि दाणा

खुराड्याला खर्च नको, पण तीन गोष्टी हव्यात. जमिनीपासून उंची, कोरडेपणा आणि हवा. एका मोठ्या पक्ष्याला दीड-दोन चौरस फूट जागा पुरते. रात्री बसायला आडवी काठी लागते, कारण कोंबडी मुळात झाडावर झोपणारा पक्षी आहे. अंड्यासाठी पाच कोंबड्यांमागं एक अंधारी पाटी पुरते. मुंगूस आणि रानमांजर यांना लहानशी फटही पुरते, म्हणून जाळी बारीक असावी आणि खालची फळी घट्ट असावी.

उवा कोंबडीच्या अंगावर राहतात. पिसवा आणि गोचीड खुराड्याच्या फटींत राहतात आणि रात्री तिचं रक्त पितात. चुलीची राख आणि कोरडी माती एका खड्ड्यात घालून ठेवली की कोंबड्या तीत लोळतात आणि स्वतःचं अंग साफ करतात. खुराड्याच्या भिंतीला वर्षातून दोनदा चुना द्यावा, लाकडाच्या फटींवरून जळता काकडा काळजीनं फिरवावा. एके काळी जगभर कोंबड्यांच्या उवांवर निकोटिनची औषधं वापरत. तंबाखूच्या मुलखात भुकटी टाकण्याचा उपाय सुचणं साहजिक आहे. पण निकोटिन कोंबडीलाही विष आहे आणि पिलांना त्याची थोडीशी मात्राही मारते. राख आणि चुना पुरेसे आहेत.

जवारी कोंबडी आपलं निम्म्याहून अधिक पोट स्वतः भरते. किडे, गवताचे कोंब, सांडलेले दाणे, खरकटं. संध्याकाळी मूठभर जोंधळा, कण्या किंवा भरडलेला मका टाकला की ती वेळेवर खुराड्याकडे येण्याची सवय राखते. वाळवीचं मडकं हा पिलांसाठी गावाकडचा चांगला उपाय. शेण आणि काड भरलेलं ओलं मडकं वारुळाजवळ पालथं घातलं की सकाळी ते वाळवीनं भरतं, आणि पिलांना प्रथिनं फुकट मिळतात. अंड्यावरच्या कोंबडीला कवचासाठी चुनखडीचा अंश लागतो. शिंपल्यांचा चुरा किंवा भाजून कुटलेली अंड्याची टरफलं तो भागवतात.

एका गोष्टीची काळजी या मक्याच्या पट्ट्यात विशेष घ्यावी. बुरशी आलेला मका किंवा शेंगदाण्याची पेंड माणसाला चालत नाही म्हणून कोंबड्यांना टाकू नये. १९६० साली इंग्लंडमध्ये लाखाहून अधिक टर्की पक्षी पटापट मेले. ब्राझीलहून आलेल्या बुरशीच्या शेंगदाणा पेंडीतलं विष त्याला कारण होतं. त्यातूनच अफ्लाटॉक्सिनचा शोध लागला. ते विष यकृत खातं आणि मांस-अंड्यांतून माणसाच्या पोटातही येऊ शकतं.

मानमोडी

एवढं सगळं नीट केलेलं परस चार दिवसांत रिकामं होऊ शकतं. आधी एखादी कोंबडी गप्प बसते, पंख पाडते. हिरवट-पांढरी पातळ विष्ठा होते. तोंड उघडून श्वास घेते. काहींची मान पिळवटून पाठीवर जाते, पाय लुळे पडतात. दुसऱ्या दिवशी आणखी चार, तिसऱ्या दिवशी उरलेल्या. लस न दिलेल्या कळपात शंभरातल्या नव्वदसुद्धा मरतात. हा विषाणूचा रोग आहे आणि एकदा झाल्यावर त्याला औषध नाही. लसूण, हळद, प्रतिजैविकाची गोळी, काहीही लागू पडत नाही.

हा रोग १९२६ साली जावामध्ये आणि १९२७ साली इंग्लंडच्या न्यूकॅसलमध्ये नोंदला गेला. भारतात तो १९२८ च्या सुमारास आजच्या उत्तराखंडातल्या राणीखेतला ओळखला गेला आणि आपल्या पशुवैद्यकात त्याचं नाव राणीखेत पडलं. त्यावर लस तयार करण्याचं कामही जवळच, मुक्तेश्वरच्या पशुवैद्यक संशोधन संस्थेत, १९४० च्या दशकात झालं. मोठ्या कोंबड्यांना टोचायची आर-टू-बी लस आजही मुक्तेश्वरच्या विषाणूपासूनच बनते. पिलांच्या डोळ्यात किंवा नाकपुडीत थेंब टाकायची लासोटा लसही त्याच दशकातली. म्हणजे साधन हातात येऊन पाऊणशे वर्षं होऊन गेली.

वेळापत्रक अवघड नाही. पिलू पाच-सात दिवसांचं झालं की लासोटाचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात. चौथ्या आठवड्यात पुन्हा एकदा. आठव्या ते दहाव्या आठवड्यात आर-टू-बीचं इंजेक्शन, पंखाखालच्या कातडीत. देवी हा कोंबड्यांचा वेगळा रोग, त्याची लस सहाव्या-सातव्या आठवड्यात. पुढच्या मात्रा पशुवैद्य सांगतील तशा. लस निरोगी पक्ष्यालाच द्यायची, उन्हं उतरल्यावर द्यायची, आणि त्याच्या एक आठवडा आधी जंताचं औषध पाजून घ्यायचं.

रोग पसरण्यात माणसाचा वाटा मोठा आहे. दोन कोंबड्या मान टाकताना दिसल्या की घरचे घाबरतात आणि उरलेल्या मिळेल त्या भावानं विकून टाकतात, किंवा कापून पाहुण्यांकडे डबा पाठवतात. गरिबीच्या घरातली ही धास्ती मला समजते. पण त्या कोंबड्यांबरोबर विषाणू बाजारात जातो. निपाणी, संकेश्वर, गडहिंग्लज, कागल, चंदगड यांच्या बाजारांत दोन्ही राज्यांचे व्यापारी आणि दोन्ही राज्यांतले पक्षी एकाच फडात येतात. डालगं, पोतं, गाडीचं चाक, चपलेचा तळ यांवरून तो पुढच्या गावात पोचतो. आषाढात मागणी वाढते, पक्षी इकडून तिकडे जातात, आणि नेमक्या त्याच ओल्या दिवसांत रोगाला वाट मिळते. मेलेली कोंबडी ओढ्यात किंवा उकिरड्यावर टाकू नये. खोल खड्ड्यात चुना घालून पुरावी. बाजारातून आणलेला पक्षी निदान दोन आठवडे वेगळा ठेवावा.

मोठी बाटली, लहान खुराडं

मग लस दिली का जात नाही? बायकांना तिची किंमत कळत नाही, असं उत्तर सर्रास मिळतं. ते खरं नाही. अडचण बाटलीची आहे. लासोटाची बाटली शंभरापासून हजार पक्ष्यांपुरती असते. ती दोन ते आठ अंश तापमानात ठेवावी लागते, आणि एकदा द्रावणात मिसळली की दोन तासांत संपवावी लागते. आठ कोंबड्यांच्या बाईनं ती आणायची म्हणजे तालुक्याच्या गावाला जायचं, बर्फ मिळवायचा, वळायच्या विड्या सोडून दिवस घालवायचा आणि आठ थेंब वापरून उरलेली बाटली फेकायची. फार्मसाठी सोयीची असलेली बाटली तिला परवडत नाही. पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांकडे गाई-म्हशींचं काम इतकं असतं, की घरोघरी आठ-आठ कोंबड्यांसाठी फिरणं त्यांनाही जमत नाही.

ही अडचण इतर देशांनी सोडवली आहे. बांगलादेशात ब्रॅक या संस्थेनं १९८० च्या दशकापासून गावातल्याच बायकांना कोंबड्यांना लस टोचायला शिकवलं. त्या बायका थर्मासमध्ये लस घेऊन पहाटे, कोंबड्या खुराड्यातून सुटायच्या आत, घरोघर जात आणि पक्ष्यामागं थोडे पैसे घेत. त्यातून लसही पोचली आणि त्या बायकांना कामही मिळालं. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठात उष्णता बऱ्यापैकी सोसणारी आय-टू नावाची लस तयार झाली. मोझांबिक, टांझानिया या देशांत गावकऱ्यांनीच ठरलेल्या महिन्यांत, वर्षातून तीनदा, साऱ्या गावाला ती द्यायची मोहीम चालवली. दोन्ही ठिकाणचा धडा एकच: एका घरासाठी न परवडणारी बाटली साऱ्या गल्लीसाठी परवडते.

आपल्याकडे त्यासाठी लागणारी माणसं तयार आहेत. ग्रामीण जीवनोन्नती अभियानात बचत गटांतल्या बायकांना पशुसखी म्हणून प्रशिक्षण दिलं जातं. महाराष्ट्रात ते 'उमेद'मधून चालतं, कर्नाटकात 'संजीवनी'मधून. त्यांना शेळ्या-मेंढ्यांबरोबर कोंबड्यांची लस हे ठरलेलं काम दिलं, हातात थर्मास दिला आणि पक्ष्यामागं रुपया-दोन रुपये घ्यायची मुभा दिली, तर गाव स्वतःची कोंबडी स्वतः राखू शकतं. बेळगाव जिल्ह्यात बैलहोंगल तालुक्यातलं मत्तिकोप्प आणि गोकाक बाजूचं तुक्कानट्टी इथं कृषी विज्ञान केंद्रं आहेत. सीमेपलीकडे कोल्हापूर आहे. प्रशिक्षणाची जागा लांब नाही.

भाषेचा प्रश्न इथं टाळून चालणार नाही. कर्नाटकातल्या दवाखान्यांतली पत्रकं कानडीत असतात, लसीच्या बाटलीवर इंग्रजी असतं, आणि कोंबड्या सांभाळणारी बाई घरात मराठी बोलते. कानडी शिकावी, ती शिकण्यात फायदाच आहे. पण लसीचं वेळापत्रक मराठीत छापून पंचायतीच्या भिंतीवर लावलं, तर कोणत्याही राज्याचं काही कमी होत नाही आणि पिलं जगतात.

जात सुधारताना

कर्नाटकात 'गिरिराज' कोंबडी प्रसिद्ध आहे. बेंगळुरूच्या हेब्बाळ पशुवैद्यकीय महाविद्यालयात १९८० च्या दशकात ती परसासाठीच तयार झाली. पुढे तिथूनच 'स्वर्णधारा' आली. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयानं 'वनराजा' आणि 'ग्रामप्रिया' दिल्या. गिरिराज वर्षाला सव्वाशे-दीडशे अंडी देते आणि जवारीच्या मानानं झपाट्यानं वजन धरते. महाराष्ट्राच्या बाजूला पशुसंवर्धन खात्याची चार मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रं आहेत, त्यांतलं एक कोल्हापूरला, निपाणीपासून जेमतेम चाळीस किलोमीटरवर. त्या राज्याच्या एकात्मिक कुक्कुट विकास योजनेत तलंगा किंवा एक दिवसाची पिलं निम्म्या अनुदानावर मिळतात, पण त्यासाठी रहिवास महाराष्ट्राचा हवा. निपाणीच्या बाईला आपल्या राज्याच्या खात्याकडे विचारणा करावी लागते. कर्नाटकातही महिलांना पिलं वाटण्याच्या योजना असतात आणि त्या त्या वर्षी त्यांची चौकशी तालुक्याच्या पशुवैद्यकीय कार्यालयात करणं हाच मार्ग आहे.

सुधारित जाती घेताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अंडी वाढवण्यासाठी निवड करताना खुडूक होण्याचा गुण मागं पडतो. गिरिराज किंवा ग्रामप्रिया बहुधा अंड्यांवर बसत नाही. त्यांची अंडी उबवली तरी पुढच्या पिढीत तो दर्जा टिकत नाही. म्हणजे पिलं पुनःपुन्हा विकत आणावी लागतात, दाणाही जास्त घालावा लागतो. शिवाय वजनदार पक्ष्याला घारीपासून पळता येत नाही. ज्यांच्याजवळ भिंतीचं आवार आहे आणि दाण्याला पैसे आहेत, त्यांनी सुधारित जात जरूर पाळावी. ज्यांची कोंबडी गावभर चरते, त्यांनी जवारीच ठेवावी आणि निदान दोन चांगल्या खुडूक होणाऱ्या कोंबड्या कधीही विकू नयेत.

अंड्याबद्दलही खरं तेच सांगावं. तपकिरी कवचाचं अंडं पांढऱ्यापेक्षा पौष्टिक असतं, याला आधार नाही. बलकाचा गडद रंग कोंबडीनं खाल्लेल्या हिरव्या पाल्यातून आणि मक्यातून येतो. जवारी अंड्याला जास्त भाव मिळतो तो चवीचा आणि विश्वासाचा. खरी उणीव वेगळीच आहे. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था माणशी वर्षाला १८० अंडी सुचवते. २०२३-२४ मध्ये देशात माणशी १०३ उपलब्ध होती. कर्नाटकानं २०२४ साली अझीम प्रेमजी फाउंडेशनच्या मदतीनं शाळेतल्या मुलांना आठवड्याचे सहा दिवस अंडं द्यायचं ठरवलं. महाराष्ट्रानं २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये आठवड्यातून एक अंडं सुरू केलं आणि २०२५ च्या जानेवारीत त्याचा निधी थांबवला. निपाणीच्या आणि कागलच्या मुलाच्या ताटात आज हा फरक आहे. ज्या शाळेच्या ताटात अंडं नाही, त्या गावच्या मुलाला ते परसातूनच मिळणार आहे.

बर्ड फ्लूचं भय मनात असतं, आणि ते रास्त आहे. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातली पहिली साथ नोंदली गेली, तेव्हा फार्मबरोबर आसपासच्या घरांतल्या कोंबड्याही नष्ट कराव्या लागल्या. म्हणून अचानक बरेच पक्षी मेले तर ते लपवू नये. मानमोडी की बर्ड फ्लू हे नुसत्या डोळ्यांनी ठरत नाही, ते प्रयोगशाळाच सांगते. मेलेल्या पक्ष्याला उघड्या हातानं शिवू नये, मुलांना लांब ठेवावं आणि लगेच दवाखान्याला कळवावं.

आता वाचकांना एक विनंती. तुम्ही बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीत राहत असाल, किंवा सीमेच्या पलीकडे कागल, गडहिंग्लज, चंदगडला, तर दिवाळी झाल्यावर आपल्या गल्लीतल्या कोंबड्या मोजा. शंभर भरल्या की एक बाटली पूर्ण वापरली जाते. गल्लीतल्या बायकांनी एक संध्याकाळ ठरवावी. कोंबड्या खुराड्यात कोंडून ठेवाव्यात. एकीनं थर्मास आणि बर्फ आणावा, दुसरीनं पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन लस मागावी किंवा १९६२ या क्रमांकावर फोन करून विचारावं. पिलांना थेंब आणि मोठ्यांना इंजेक्शन जाणकाराच्या हातून द्यावं, आणि पुढची तारीख त्याच दिवशी कॅलेंडरवर लिहावी. यासाठी कोणत्याही न्यायालयाच्या निकालाची वाट पाहायची गरज नाही. कार्तिकातच हे केलं, तर यंदाची पिलं पुढच्या आषाढापर्यंत जगतील आणि त्यांचे पैसे ज्या बाईनं ती वाढवली तिच्याच हातात पडतील.